नदीचं नाव कुठं कुठं जातं? (आईचं नाव, बाबांची बोट आणि गोदावरी)

पंचवटीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण विषय घरातला आहे.

माझ्या आईचं माहेरचं नाव गोदावरी. जन्म पंचवटीतला, घर घाटापासून चालत पाच मिनिटांवर, आजोबांनी नदीवरूनच नाव ठेवलं. लग्नात प्रथेप्रमाणे ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुनंदा, आणि तेव्हापासून रेशनकार्ड, पासबुक, आधार सगळीकडे ती सुनंदाच. माहेरची माणसं होती तोवर गोदा म्हणून हाक यायची, आता हाक मारणारं कुणी उरलं नाही.

बाबा माझगाव डॉकला वेल्डर होते. आम्ही लहान असताना एकदा ड्यूटीवरून आले, डबा ठेवला आणि आईला म्हणाले, तुझ्या नावाची बोट बांधतोय आम्ही. ती बोट म्हणजे आयएनएस गोदावरी. १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल झाली. आपल्याकडे डिझाइन केलेल्या फ्रिगेटांमधली (मध्यम आकाराच्या युद्धनौकांमधली) ही अगदी सुरुवातीची, आधीच्या निलगिरी क्लासचं डिझाइन ब्रिटिशांच्या लिअँडर फ्रिगेटचं होतं, त्यावरून आपल्या लोकांनी मोठी करून ही काढली आणि हिच्यावर दोन सी किंग हेलिकॉप्टर मावायची. पाठोपाठ गंगा आणि गोमती, त्याही डॉकमध्येच झाल्या. बाबांनी तिन्हींवर काम केलं, पण घरात विषय निघाला की "गंगेवर असताना" किंवा "गोमतीवर असताना" असं म्हणायचे आणि गोदावरीला मात्र "आईची बोट". २३ डिसेंबर २०१५ ला ती निवृत्त झाली, बाबा त्याच्या आधी दोन वर्षं गेले होते. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आईने आवाज वाढवायला सांगितला, बाकी काही बोलली नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे चालू आहे की नदी आहे तिथेच वाहते पण तिचं नाव किती लांब जातं, आणि जिथे तिच्या पाण्याचा थेंब पोचत नाही तिथे जातं. गोदावरी मुंबईच्या बंदरात बत्तीस वर्षं होती. विशाखापट्टणम-हैदराबाद गोदावरी एक्सप्रेस आहे, तिचा नाशिकशी काही संबंध नाही. आंध्रात दोन जिल्हे तिच्या नावाचे, पूर्व आणि पश्चिम. आणि आमच्या नाशकात काय, तर गोदावरीला गंगा म्हणतात! "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की घाटावर चाललाय हे कुणालाही कळतं. धरण गोदावरीवर आणि नाव गंगापूर. खाली परभणीकडे गोदेच्या काठी गंगाखेड. म्हणजे गंगेचं नाव गोदावरीवर येऊन बसलं आणि गोदावरीचं नाव समुद्रावर गेलं.

तुमच्या माहितीत नदीच्या नावाचे असे प्रवास असतील तर लिहा. गाव, बोट, गाडी, धान्य, माणूस, काहीही चालेल. आईला वाचून दाखवणार आहे.

---

डॉकयार्ड_रोड

धागा आवडला. वडिलांना नमस्कार. मी नौदलात पंधरा वर्षं काढली, त्यामुळे थोडी भर.

तुमच्या आईची बोट ही दुसरी गोदावरी. पहिली दुसऱ्या महायुद्धातली, एचएमआयएस गोदावरी. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत सहा स्लूप (लहान युद्धनौका) सगळ्या नद्यांच्या नावाच्या होत्या: सतलज, जमुना, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी. इंग्रज स्पेलिंग त्यांच्या पद्धतीने करायचे, त्यामुळे नर्मदेचं नर्बदा आणि कृष्णेचं किस्तना झालेलं. फाळणी झाली तेव्हा जमीन, पैसा, रेल्वेचे डबे वाटले गेले तशा बोटीही वाटल्या गेल्या. चार आपल्याकडे राहिल्या, दोन पाकिस्तानकडे गेल्या, आणि गेलेल्या दोन कुठल्या तर नर्मदा आणि गोदावरी. दोन्ही नद्या पाकिस्तानपासून कितीतरी लांबच्या, आणि सतलज, जी पुढे तिकडेच वाहत जाते, ती राहिली आपल्याकडे. तिकडे गेल्यावर अर्थातच नावं बदलली. नर्मदेची झाली झेलम आणि गोदावरीची झाली सिंध.

म्हणून १९८३ ला ते नाव परत आपल्या बोटीवर आलं याला माझ्या लेखी मोठा अर्थ आहे. नौदलात बोट निवृत्त होते, नाव होत नाही. बेतवा, बियास, ब्रह्मपुत्रा ही नावं आधी लेपर्ड क्लासच्या ब्रिटिश बनावटीच्या फ्रिगेटांवर होती, त्या गेल्या आणि २००० पासून तीच तीन नावं कोलकात्याला बांधलेल्या नव्या बोटींवर आली.

तुमच्या गोदावरीचं एक मोठं काम सांगतो, आईंना नक्की वाचून दाखवा. नोव्हेंबर १९८८, मालदीवमध्ये बंडाचा प्रयत्न झाला, आपलं सैन्य पोचल्यावर बंडखोर प्रोग्रेस लाइट नावाचं जहाज पळवून ओलीस घेऊन श्रीलंकेकडे निघाले. त्यांना भर समुद्रात गाठून थांबवलं ते गोदावरी आणि बेतवा या दोघींनी.

---

झुआरीकाठचा

डॉकयार्ड_रोड, बेतवा आणि बियासचं नाव काढलंत म्हणून लिहितो, कारण त्यांची आमच्या गोव्यात वेगळी ओळख आहे.

१८ डिसेंबर १९६१. मुरगाव बंदरात पोर्तुगीजांची अफोंसो द अल्बुकर्क ही युद्धनौका उभी होती. तिच्यावर चालून गेल्या त्या बेतवा, बियास आणि कावेरी. ही कावेरी म्हणजे वर लिहिलेल्या सहा स्लूपांतली, इंग्रजांच्या काळातली. मी शाळेत असताना नकाशा समोर ठेवून विचार करायचो, एक नदी बुंदेलखंडातली, एक पंजाबातली, एक कूर्गातून निघालेली आणि तिघी कुठे भेटल्या तर आमच्या झुआरीच्या तोंडाशी. माझे आजोबा त्या दिवशी वास्कोला होते, तोफांचे आवाज त्यांनी ऐकलेत.

आणि त्याच्या आधीच्या महिन्यात, नोव्हेंबर १९६१ ला, अंजदीव बेटावरून पोर्तुगीज सैनिकांनी जाणाऱ्या एका प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या, त्याने देशभर संताप झाला. त्या बोटीचं नाव साबरमती. कोकण-गोवा किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांना ही बोट चांगली आठवत असेल. साबरमती नाव घेतलं की बाकी देशाला आश्रम आठवतो, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना बोट आठवते.

झुआरीचंही नाव बाहेर गेलंय बरं का. वास्कोजवळ खताचा कारखाना आला, त्याच्यामुळे झुआरीनगर, आणि पुढे झुआरी सिमेंट. त्या सिमेंटचा कारखाना आंध्रात कडप्पा जिल्ह्यात येर्रागुंटलाला आहे. तिथल्या ट्रकवर झुआरी वाचून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

---

वर्धेचा_दादा

आमच्या वर्धेचं बी लिहून घ्या. शहर १८६६ मध्ये इंग्रजांनी आखून वसवलं, त्याच्या आधी तिथे पालकवाडी नावाचं लहान खेडं होतं, आणि नवीन शहराला नाव दिलं नदीचं. पण नदी शहरातून जातच नाही! बाहेरून आलेले पाहुणे विचारतात नदीवर जाऊ या का, तर आम्ही त्यांना पवनारला नेतो, आणि पवनारची नदी धाम. वर्धा नदी तिकडे पुलगावकडे, जिल्ह्याच्या कडेने वाहते.

पुढे पाहा आता. नदीचं नाव शहराला, शहराचं जिल्ह्याला, आणि १९३७ ला गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली, झाकीर हुसेन समिती बसली, त्यातून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, आली ती देशभर "वर्धा योजना" म्हणूनच ओळखली गेली. म्हणजे मद्रासकडच्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत पोरं टकळीवर सूत काततायत आणि त्या पद्धतीचं नाव आमच्या नदीचं. झुआरीकाठचे, तुमच्या साबरमतीवरून सुचलं की गांधीजी एका नदीच्या नावावरून उठले ते दुसऱ्या नदीच्या नावावर येऊन राहिले.

---

आजीचा_बटवा

बोटी आणि शहरांचं छान चाललंय पण रोजच्या बोलण्यातलं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

गंगाजळी! रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाची गंगाजळी असं पेपरात रोज छापून येतं. मूळ गंगाजळी म्हणजे गंगेचं पाणी ठेवायची झारी, काशीहून आणलेलं ते पाणी देवघरात जपून ठेवायचं, वापरायचं नाही, अगदी शेवटच्या वेळी तोंडात घालायला काढायचं. जपून ठेवलेला आणि अडीनडीला काढायचा पैसा म्हणजे गंगाजळी, किती अचूक आहे शब्द. डोळ्यांतून गंगा-जमुना वाहतात. न बदलणाऱ्या माणसाला नर्मदेतला गोटा म्हणतात, वर्षानुवर्षं पाण्यात आणि आत कोरडा. मंडईत लाल भोपळ्याला कितीतरी जण गंगाफळ म्हणतात.

भीमथडीची तट्टं तर सगळ्यांना माहीत आहेत, थडी म्हणजे काठ, भीमेच्या काठच्या मुलखाला भीमथडी म्हणायचे आणि तिथल्या काटक घोड्यांवर मराठी फौजा उत्तरेत पोचल्या. आता घोडी फारशी दिसत नाहीत पण पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तशीच कृष्णाखोऱ्याची बैलांची जात, मोठ्या हाडाची, काळ्या जमिनीत चालणारी.

आणि सगळ्यात जवळचा म्हणजे इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण काढला, १९८७ साली आला. आंबेमोहोराचा वास पण पीक जास्त. इंद्रायणी मावळातूनच वाहते म्हणून ते नाव. आज अमेरिकेतल्या भारतीय दुकानात इंद्रायणीची पिशवी मिळते, माझी मुलगी घेते, तिच्या मुलांना इंद्रायणी म्हणजे गरम मऊ भातच वाटतो, आळंदीची नदी नंतर कळली.

पंचवटीकर, तुमच्या आईंच्या नावावरून आठवलं, मनुस्मृतीत तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, झाड, नदी यांचं नाव असलेली मुलगी करू नये असं चक्क लिहिलंय. आणि आपल्या जुन्या पिढीत गंगू, यमुना, गोदू, कृष्णाबाई, भीमाबाई, तापी, भागीरथी, चंद्रभागा यांनी घरंच्या घरं भरलेली होती. लोकांनी ऐकलं नाही ते फार चांगलं केलं.

---

सफाळ्याचा

वैतरणा राहिली.

आमच्याकडे वैतरणा नदी, वैतरणा स्टेशन, मुंबईला पाणी देणारी वैतरणेवरची धरणं. त्यातलं पहिलं वैतरणा धरण, त्याला पुढे इंजिनिअर मोडकांचं नाव देऊन मोडक सागर केलं, म्हणजे इथे माणसाचं नाव नदीच्या नावावर चढलं.

पण मला लिहायचंय ते एसएस वैतरणाबद्दल. १८८५ ला बांधलेली आगबोट, कच्छ ते मुंबई प्रवासी वाहतूक करायची. बोटीवर विजेचे दिवे होते, त्या काळात ती नवलाईच, त्यामुळे लोक तिला वीजळी म्हणायचे. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघाली, द्वारकेहूनही माणसं घेतली, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात सापडली आणि सातशेच्या वर माणसांसकट नाहीशी झाली. एक फळी मिळाली नाही. लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. गुजरातीत तिच्यावर लोकगीतं झाली ती हाजी कासमची वीजळी म्हणून.

वैतरणा म्हटलं की पुराणातली वैतरणी आठवतेच, मेल्यावर पार करायची नदी. ज्यांनी बोटीला नाव दिलं त्यांच्या मनात आमची पालघरची साधी नदी असणार. पण मी लोकलने पुलावरून जाताना खाली पाणी दिसलं की मला ती बोट आठवतेच, लहानपणी काकांनी सांगितल्यापासून.

---

स्पेक्ट्रम

रसायनशास्त्र शिकवतो. मला माहीत असलेला सगळ्यात लांबचा प्रवास सिंधूचा आहे.

सिंधू, इराणी उच्चारात हिंदू, ग्रीकांकडे ह गळून इंडोस, त्यावरून देशाचं नाव इंडिया. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आता पुढे. इथून जाणारा निळा रंग म्हणजे नीळ, तिला ग्रीक लोक इंडिकॉन म्हणायचे, म्हणजे नुसतं "भारतातली". त्यावरून इंडिगो. १८६३ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला फर्डिनांड राइश आणि थिओडोर रिश्टर एका खनिजाचा नमुना तपासत होते. राइशना रंग ओळखू येत नसत म्हणून स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहायचं काम रिश्टरकडे. त्यांना एक रेघ दिसली, गडद निळी, आधी कुठल्याच मूलद्रव्याची नोंदलेली नाही. त्या निळीवरून नव्या मूलद्रव्याचं नाव ठेवलं इंडियम.

हे इंडियम आज कुठे आहे तर इंडियम टिन ऑक्साइडच्या पातळ थरात, जो पारदर्शक असून वीज वाहून नेतो, म्हणजे तुम्ही हा धागा ज्या मोबाइलवर वाचताय त्याच्या स्क्रीनमध्ये. बोट स्क्रीनवर फिरवताय तेव्हा नावाने तरी सिंधूला हात लावताय. मी दरवर्षी बारावीच्या वर्गात हे सांगतो आणि दरवर्षी पोरं आपापल्या फोनकडे बघतात.

जाता जाता, मंगळावर ज्या लहान दऱ्या आहेत त्यांना पृथ्वीवरच्या नद्यांची नावं द्यायची पद्धत आहे आणि तिथे इंडस व्हॅलिस आहे. पाणी कधीच आटलेली सिंधू.

---

मालवणी_वारा

स्पेक्ट्रम, भारी! फक्त एक, आमचा सिंधुदुर्ग या यादीत कोणी घालू नका, तिथे सिंधू म्हणजे समुद्र, नदी नव्हे. नौदलाच्या सिंधुघोष वगैरे पाणबुड्यांचंही तेच.

---

शिवसागर

माझं थोडं वेगळं आहे.

आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. आजीचं गाव पाण्याखाली गेलं, त्या पाण्याला नाव मिळालं शिवसागर. नदीच्या काठची माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी कुठे कुठे पाठवली, आम्हाला जिथे जागा मिळाली तिथे पहिली काही वर्षं प्यायच्या पाण्याचे हाल होते, आजी डोक्यावर हंडा घेऊन मैलभर जायची आणि तिच्या नदीच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागत होते. माझ्या आत्याचा जन्म नव्या जागी झाला, तिचं नाव आजीने कोयना ठेवलं. नव्या गावच्या लोकांना ते नाव विचित्र वाटायचं, म्हणायचे धरणाचं नाव कोण पोरीला ठेवतं. आजी सांगायची धरणाचं नाही, नदीचं. हे तिने किती जणांना सांगितलं असेल.

कारण कोयना म्हटलं की बाकी सगळ्यांना धरण, वीज आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. जलाशयामुळे होणारे भूकंप हा विषय जगात कुठेही शिकवायचा तर कोयनेचं नाव येतंच येतं, त्यामुळे जपानात न्‌ अमेरिकेत भूगर्भशास्त्रवाल्यांना आमच्या नदीचं नाव पाठ आहे. मुंबई-कोल्हापूर कोयना एक्सप्रेस आहे. दिल्लीत जेएनयूची होस्टेलं नद्यांच्या नावाची आहेत, गंगा, गोदावरी, कावेरी, पेरियार, आणि त्यात एक कोयना. माझी बहीण तिथे ॲडमिशनला गेली तेव्हा पाटी बघून तिने आत्याला फोन केला होता.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असेल. एक लहानसा भेक आहे, सह्याद्रीत सड्यावर पावसाळ्यात दिसतो, अंगावर पिवळे डाग. १९६३ मध्ये कोयनेच्या परिसरातून त्याची नोंद झाली आणि शास्त्रीय नावात कोयना आली. सगळ्या जगात तो फक्त आपल्या पश्चिम घाटात आहे. धरण झालं, माणसं उठली, तो मात्र तिथेच आहे आणि नावही नदीचंच लावतो. आत्याला मी त्याचा फोटो दाखवला तर तिने वॉलपेपर करून ठेवलाय.

---

वाक्वाकर

मॉरिशसहून लिहितो, मराठी थोडी चुकली तर सांभाळून घ्या. आमच्या इकडे मराठी लोक जास्त आहेत त्या भागात एक जिल्हा आहे ब्लॅक रिव्हर, फ्रेंचमध्ये रिव्हिएर न्वार, तो पण नदीवरूनच. आणि डोंगरात एक तळं आहे, १९७२ ला भारतातून गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं, तेव्हापासून ते गंगा तलाव. महाशिवरात्रीला सगळे लोक कावड घेऊन चालत जातात, मराठी पण, तमिळ पण. माझ्या आजोबांनी भारत पाहिला नाही. पण गंगेवर दरवर्षी जायचे.

---

घाटावरचा

कावेरी इंजिन कुणी लिहिलं नाही वाटतं. तेजस या लढाऊ विमानासाठी बंगलोरला जीटीआरई या सरकारी संशोधन संस्थेने १९८९ पासून बनवायला घेतलेलं जेट इंजिन. तेजसला ते लागलं नाही, पण काम सोडलेलं नाही, आता बिनपायलटच्या विमानासाठी त्याचं रूप तयार करतायत. माझा भाऊ त्या क्षेत्रात आहे, मनापासून वाटतं की हे नाव एकदा उडालेलं बघावं.

---

डॉकयार्ड_रोड

पंचवटीकर, एक राहून गेलं. तुमच्या वडिलांच्या तिघींपैकी गोमती सगळ्यात शेवटी निवृत्त झाली, २८ मे २०२२ ला, मुंबईतच. तिच्या वस्तू लखनौला नेऊन गोमतीच्या काठावर संग्रहालय करायचा यूपी सरकारशी करार झाला. नदीचं नाव घेऊन समुद्रावर गेलेली बोट परत त्याच नदीवर.

---

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बसून सगळं आईला वाचून दाखवलं, दीड तास लागला, मधे चहा झाला. गंगाजळीला तिने मान डोलावली, वैतरणेला गप्प बसली, कोयना आत्यांचं दोनदा वाचायला लावलं.

डॉकयार्ड_रोड यांची पहिल्या गोदावरीची हकिगत तिला माहीत नव्हती, बाबांनीही कधी सांगितली नव्हती. फाळणीत ती तिकडे गेली आणि तिचं नाव बदललं, हे ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे तिचंही बदललं."

मग थोड्या वेळाने विचारलं, "काय ठेवलं म्हणालास?"

सिंध, मी सांगितलं.

"मग नदीचंच ठेवलं की," म्हणाली, आणि उठून भाताचा कुकर लावायला गेली.